पुस्तक मिटून सांग पाहू!

मित्रमैत्रिणींनो,

सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. 'ताई, इतिहासाचा धडा मी पाच वेळा वाचला होता. सगळं येत होतं. पेपर हातात आला आणि एकदम कोरी पाटी! घरी आल्यावर आई म्हणाली, तू वाचलाच नसणार. पण मी खरंच वाचला होता हो!'

माझा तिच्यावर विश्वास आहे. तिच्या आईनेही ठेवावा.

आधी एक गंमत. चॉकलेटी रंगाची दहाची नोट तुम्ही कितीदा हाताळली असेल! आता न बघता सांगा, तिच्या मागच्या बाजूला कुठलं मंदिर आहे? अडलं ना गाडं? नोट समोर आली की तुम्ही ती लगेच ओळखता. पण ओळखणं वेगळं नि आठवणं वेगळं. पाचव्यांदा वाचताना धड्यातल्या ओळी ओळखीच्या झालेल्या असतात, वाचन भराभर होतं आणि मन म्हणतं, 'येतंय की!' झालं, पुस्तक मिटून आपण खेळायला पसार.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना त्यांनी एक छोटासा उतारा दिला. एका गटाने तो पुन्हापुन्हा वाचला, सरासरी १४ वेळा! दुसऱ्या गटाने तीन-चारदाच वाचला, मग उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिलं. असं तीनदा. चूक की बरोबर, हेही त्यांना कुणी सांगितलं नाही. आठवड्याने किती आठवेल असं विचारल्यावर जास्त खात्री कुणाला होती? १४ वेळा वाचणाऱ्यांना!

पाच मिनिटांनी ज्यांची परीक्षा घेतली, त्यांच्यात वाचणारेच पुढे होते : ८३ टक्के, आणि लिहिणारे ७१. पण ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली, त्यांच्यात पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१.

म्हणजे बघा, आमच्या मैत्रिणीचं 'येतंय' हे वाटणं खोटं नव्हतं. त्या संध्याकाळी येतही असेल! पण आज काय वाचायचं नि काय सोडायचं, हे आपण त्या वाटण्यावरच ठरवतो. तेच फसवं निघालं तर?

म्हणून पुढच्या वेळी धडा दोनदा वाच आणि पुस्तक मिट. लगेच नको हं, आधी पाणी पिऊन ये, एखादं गणित सोडव. मग कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. सुरुवातीला चारच ओळी येतील, रडू येईल. येऊ दे. आता पुस्तक उघडून जे सुटलं तेवढंच वाच. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद.

आणि आईबाबांनो, 'वाचलंस का?' असं विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा पोळ्या लाटता लाटता म्हणा, 'सांग पाहू, काय होतं त्या धड्यात?' मात्र अडलं तर रागवायचं नाही, बरं का! रागावलात तर उद्या मूल सांगायलाच येणार नाही.

तुमची,
ताई

ता. क. नोटेवरचं मंदिर ओडिशातल्या कोणार्कचं. पुढच्या महिन्यात अचानक विचारणार आहे, तेव्हा खिशात हात घालायचा नाही!