मेगापिक्सेल भरपूर, पण अक्षर लागतंय का?

फोन घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, “कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?” आम्हा नांदूरघाटकरांचंही तेच. मागच्या वर्षी मी एका अर्जाला उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो जोडला. फोनवर चकाचक दिसत होता. आठवड्याने उत्तर आलं, ‘कागदपत्र अस्पष्ट’. मग केजला पुन्हा चक्कर, स्कॅनिंगचे पैसे वेगळे. फोनच्या खोक्यावर मात्र ठळक छापलेलं, ६४ मेगापिक्सेल!

हा प्रश्न आता सेल्फीपुरता राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः रानात जायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. शिष्यवृत्ती असो की पासबुक, पुरावा म्हणून फोटोच जातो. घरात हे काम कुणाकडे येतं? आपल्याकडेच. म्हणून शार्पनेस तपासता येणं ही आता गरज आहे.

मेगापिक्सेल म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या. सॅमसंगने २०२१ मध्ये २०० मेगापिक्सेलचा सेन्सर जाहीर केला. कमी उजेडात तो १६ ठिपके मिळून एक ठिपका करतो, म्हणजे हाती येतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. यात फसवणूक नाही, अंधारात त्याचा फायदाच होतो. पण फोटो किती स्पष्ट येणार हे भिंग, फोकस, उजेड आणि हाताची थरथर यांवरही ठरतं. प्रयोगशाळेत यासाठी आयएसओ १२२३३ हे मानक वापरतात. बारीक होत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेषांचा तक्ता असतो. त्या रेषा कॅमेऱ्याला कुठपर्यंत वेगळ्या दिसतात, ते मोजतात.

आपल्याकडे तो तक्ता नाही, पण ही पुरवणी आहे ना! आपली देवनागरी तर कॅमेऱ्याची खरी परीक्षा घेते. अनुस्वार, रफार, वेलांटी, सगळंच बारीक. हिशोब बघा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४,००० ठिपक्यांची. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब. म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे १३ ठिपके. तोच फोटो आकाराने लहान होऊन १,६०० ठिपक्यांवर आला, की मिलिमीटरला जेमतेम ५ उरतात. अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराच्या वाट्याला दोन-अडीच! व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो असाच आक्रसतो. म्हणून कागदपत्रं ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आता चाचणी. पुरवणीचं पान भिंतीला सपाट चिकटवा. भिंग मऊ फडक्याने पुसा. फोन स्टुलावर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे हात हलणार नाही. पान चौकटीत पूर्ण बसवून तीन फोटो काढा आणि त्यातला चांगला निवडा. दुसऱ्या फोननेही त्याच उजेडात, पान तेवढंच भरेल असं बघून फोटो घ्या. मग दोन्ही फोटो केबलने एकाच कॉम्प्युटरवर टाका आणि शंभर टक्के आकारात उघडा. आधी मध्यभाग वाचा, मग चारही कोपरे. स्वस्त भिंग बहुतेक वेळा कोपऱ्यातच उघडं पडतं. अक्षरांभोवती पांढरी किनार दिसली तर सावध व्हा. तो स्पष्टपणा भिंगाचा नाही, सॉफ्टवेअरने चढवलेला मेकअप आहे. हीच चाचणी संध्याकाळी बल्बच्या उजेडात पुन्हा करा. खरा फरक तेव्हाच कळतो.

मी आमच्या घरातल्या दोन फोनची अशी परीक्षा घेतली. दिवसा ६४ वाला आणि वडिलांचा जुना १३ वाला जवळपास सारखेच निघाले. माझा दाखला अस्पष्ट गेला तो हात हलल्यामुळे आणि व्हॉट्सॲपवरून फिरवल्यामुळे. फोनची चूक नव्हतीच.

तेव्हा नव्या फोनसाठी घरी हट्ट धरण्याआधी जुन्याची एकदा परीक्षा घ्या. आणि सातबाऱ्याचा फोटो पाठवण्याआधी तो मोठा करून आकडे वाचा. ०.४० चं ०.४६ वाचलं गेलं, तर निस्तरायला हेलपाटे आपल्यालाच.