रक्तदाबाचा पट्टा लहान दंडापर्यंत पोहोचावा

मुलाचे डोके वारंवार दुखते, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवीला फेस येतो. घरात याचे खापर जागरणावर, उन्हावर किंवा चष्म्याच्या नंबरावर फुटते. प्रौढांच्या उच्च रक्तदाबाला बहुधा एकच निश्चित कारण सापडत नाही; लहान मुलांच्या तीव्र रक्तदाबामागे मात्र ते बहुतांशी सापडते आणि बव्हंशी मूत्रपिंडातच असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याच्या ३० विकारांच्या मूळ यादीत जन्मजात हृदयविकार आहे, मूत्रपिंडविकार नाही. गुजरातने आपल्या शाळा आरोग्य योजनेत हृदय व कर्करोगासोबत मूत्रपिंडाचे उपचार, प्रत्यारोपणासह, मोफत केले. वडोदऱ्यातील मुलासाठी शहरात सर सयाजीराव रुग्णालय, नडियादला मुळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालय आणि अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी नावारूपाला आणलेली मूत्रपिंड संस्था आहे. उपचारांची साखळी उभी आहे. पण रोग ओळखलाच गेला नाही, तर ती साखळी काय कामाची?

निदान हुकते ते साध्या गोष्टींत. मोठ्यांचा पट्टा लहान दंडाला गुंडाळला, की रक्तदाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तेरा वर्षांखालील मुलाचा आकडा वय, लिंग व उंचीच्या तक्त्याशी ताडावा लागतो. रक्ततपासणीतही तोच धोका आहे. क्रिएटिनिन १ हा आकडा प्रौढासाठी सामान्य असतो. परंतु ९५ सेंटिमीटर उंचीच्या बालकात प्रचलित सूत्रानुसार त्याचा अर्थ मूत्रपिंडाची गाळणक्षमता सुमारे ३९, म्हणजे निरोगी बालकाच्या निम्म्याहूनही कमी. अहवालावर मात्र 'सामान्य' असेच छापून येते.

सरसकट तपासणीला आक्षेपही आहे. भीतीने मुलाचा रक्तदाब वाढतो, म्हणून एका नोंदीवरून निदान करू नये. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजावे. परंतु फार वाढलेला रक्तदाब, झटके किंवा अंधुक दृष्टी असेल, तर थांबणे घातक ठरते.

गोव्यासारख्या छोट्या राज्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय कोणत्याही गावापासून फार दूर नाही. तिथवर योग्य मूल वेळेत पोहोचवायचे, तर शाळा तपासणी पथकाकडे तीन मापांचे पट्टे, उंचीनुसार तक्ता आणि लघवीतील प्रथिने दाखवणारी पट्टी हवी. डायलिसिसच्या एका यंत्रापुढे हा खर्च नगण्य आहे.