इथंच तर जायचंय!

"हेल्मेट कशाला? इथंच तर जायचंय!" कुरकुंभच्या घराघरांत हे वाक्य रोज ऐकू येतं. पुण्याला निघालेला माणूस हेल्मेट शोधतो, टायरमधली हवा बघतो, अम्मी दारात उभी राहून दुआ करते. तोच माणूस एमआयडीसीत शिफ्टला, दौंडला बाजाराला किंवा जुम्याच्या नमाजला निघाला की हेल्मेट खुंटीवर राहतं. आपल्याकडे धोका किलोमीटरवर मोजतात. या मोजमापाबद्दलच आज आम्हाला बोलायचं आहे.

आपल्याच गावचा रस्ता बघा. पुणे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो, दौंड-बारामतीचा रस्ता त्याला इथेच मिळतो आणि शेजारी औद्योगिक वसाहत. भरधाव मोटार, रसायनांचा टँकर, कंपनीची बस, उसाचा ट्रॅक्टर आणि दूध घालायला निघालेली दुचाकी, सगळे एकाच ठिकाणी भेटतात. लांब जाणारा दुचाकीस्वार निदान वाहतुकीच्या दिशेने चालतो. 'इथंच' जाणारा मात्र ती वाहतूक आडवी ओलांडतो, नाहीतर वळसा वाचवण्यासाठी थोडं उलट्या बाजूने जातो. अंतर कमी झालं म्हणून धोक्याच्या जागा कमी होत नाहीत.

दहावीच्या मुलांना आम्ही एक गणित घालतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. समोरचं कुत्रं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढा सेकंद गेलेला असतो. त्यानंतर ब्रेक लागतो. वेग 40 वरून 60 केला, म्हणजे दीडपट झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतं. आणि उलट्या बाजूने तुम्ही 40 ने जात असाल, समोरची मोटार 80 ने येत असेल, तर मधलं अंतर दर सेकंदाला 33 मीटरने संपतं. विचार करायला वेळ उरत नाही. गणित ऐकून मुलं गप्प होतात. ते घरी मोठ्यांनीही ऐकावं.

आता हेल्मेट. सरकारी अहवालानुसार 2022 साली देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातात दगावले. त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. भगिनींनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा, कारण मागे बसणाऱ्या बहुधा आपणच घरच्या बाया असतात. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो. मात्र हेल्मेटवर आयएसआयची खूण हवी आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. आत स्कार्फ पातळ असावा, डोक्यावर पिना नसाव्यात. कायद्याने चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं.

बुरख्याचा घेर आणि ओढणीचं टोक चाकात किंवा साखळीत अडकलं की मागची व्यक्ती खाली खेचली जाते. मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी आणि धरायला दांडा असावा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. जाळी काढून टाकली असेल तर परत बसवून घ्या. बसण्याआधी कापड आवरून घ्या, आणि जमेल तिथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा.

ऊसतोडणी सुरू झाली की संध्याकाळनंतर रस्ता बदलतो. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना चमकणारी पट्टी. अंधारात दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, वेग त्याच बेताचा ठेवावा. टँकरच्या बाबतीत एक खूण पुरेशी आहे: त्याच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. ब्रेक दोन्ही लावावेत. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. रस्ता ओला किंवा वाळूचा असेल तर मात्र हळूहळू दाबावा.

रमजानमध्ये मगरिबच्या आधीची अर्धी घटका फार नाजूक. दिवसभराची तहान, थकवा, पाटसकडे जाताना डोळ्यांवर मावळतीचं ऊन, आणि अजानीच्या आत घर गाठायची घाई. खिशात दोन खजूर आणि जवळ पाण्याची बाटली ठेवा. वेळ झाली तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून रोजा सोडा. दस्तरखान दहा मिनिटं वाट बघेल.

ईदच्या दिवशी एका गाडीवर तीन-तीन मुलं दिसतात. नववीतल्या मुलाला गाडी चालवता येते याचं अब्बांना कौतुक असतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. त्याहून मोठं नुकसान कोणतं, ते सांगायला नको.

"मौत लिहिली असेल तेव्हाच येणार," असं काही बुजुर्ग म्हणतात. तेही रात्री दाराला कडी लावतात आणि नातवंडांना पोलिओचा डोस पाजतात. तकदीर अल्लाहच्या हाती आहे, तदबीर आपल्यावर सोपवलेली आहे.

कुणी रस्त्यावर पडलेलं दिसलं तर 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका, मान वाकवू नका. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. भिऊन पुढे जाऊ नका.

घरात दोन बदल आजच करता येतील. गाडीची किल्ली हेल्मेटच्या आत ठेवायची, म्हणजे एक घेताना दुसरं हातात येतंच. आणि माणूस वाटेत असेल तेव्हा "कुठवर आलात?" म्हणून फोन करायचा नाही. निघतानाच सांगायचं, उशीर झाला तरी चालेल, सावकाश या.