थम, कौन आता है?

रोल कॉल आटोपून बॅरकमध्ये आलो. पोस्टिंगचं ठिकाण सांगत नाही; बुटातून रोज मूठभर वाळू निघते, एवढं पुरे. मोबाईलवर थोरल्या भावाचे सात मिस्ड कॉल. छातीत धस्स झालं, आईचं काही? फोन लावला तर दादा म्हणाला, "तू कुणाला स्कूटर विकलीस का रे?"

मी जन्मात स्कूटर घेतली नाही, विकणार कुठली?

हकीकत अशी. विदर्भातल्या एका शिक्षिकेनं ऑनलाइन जाहिरात पाहिली. विकणारा म्हणाला, "मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात देऊन टाकतो." खात्रीसाठी त्यानं ओळखपत्र आणि आधार कार्डाचे फोटो पाठवले. दोन्ही माझी. बाईंनी आधी इसार, मग गाडी पाठवण्याचा खर्च, मग 'परत मिळणारं डिपॉझिट' असे अठ्ठावीस हजार भरले आणि समोरचा फोन बंद झाला. आधारवरच्या पत्त्यावरून त्यांनी आमच्या गावच्या पोलीस पाटलांना गाठलं. पाटील चौकशीला आले तेव्हा आई ओसरीवरच बसली होती.

मी बाईंना फोन केला. शिव्या खाव्या लागणार हे धरूनच चाललो होतो. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "दुसरा कुणी असता तर मी पैसे पाठवले नसते. फौजी म्हणाला, म्हणून विश्वास ठेवला." त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

माझी कार्डं बाहेर गेली कशी? मागच्या बदलीच्या वेळी मी मोटारसायकल विकायला काढली होती. एक गिऱ्हाईक म्हणालं, "साहेब, हल्ली फसवणूक फार. तुम्ही खरेच फौजी ना? आयडी पाठवा." मला उलट अभिमान वाटला. दोन्ही कार्डांचे फोटो पाठवले. गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही आणि मीही विसरलो. ही दोन्ही कार्डं एकत्र मी दुसऱ्या कुणाला कधी दिलेली नाहीत.

मित्रांनो, कोतमधून रायफल घेताना आपण नंबर बघून रजिस्टरात सही करतो. एक राउंड कमी भरला तर सगळी कंपनी गवत चाळत बसते. आणि जे कार्ड दाखवलं की अनोळखी माणूस आपल्यावर विश्वास ठेवतो, ते मी अंगठ्याच्या एका टिचकीनं देऊन टाकलं. ना नोंद, ना सही. तो विश्वास माझ्या एकट्याच्या कमाईचा नव्हता. आधीच्या पिढ्यांनी जमवलेला होता. चोरानं तो खर्च केला.

यात कुणी मुद्दाम काही फोडत नाही, हीच अडचण आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याच्या ॲपच्या नकाशावर अफगाणिस्तान आणि सीरियातल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळलेल्या दिसल्या. सैनिक फक्त व्यायाम करत होते आणि ॲप नोंद ठेवत होतं. आपल्या लष्करानं जुलै २०२० मध्ये ८९ ॲप मोबाईलमधून काढायला सांगितली. हुकूम आला, आपण काढली.

पण पेन्शनवर गेलेल्या माणसाला हुकूम कोण देणार? घरी ना सीओ, ना सुभेदार साहेब. म्हणून हे खास माजी सैनिकांसाठी लिहितोय.

पहिलं, सैन्याच्या ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाच नाही. आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, तारीख.

दुसरं, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. "क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील" असं कुणी म्हटलं की तिथेच फोन ठेवा. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

तिसरं, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. 'लिंक्ड डिव्हाइसेस' अधूनमधून उघडून पाहा. अनोळखी मशीन दिसलं तर लॉग आउट करा.

चौथं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, हे ठगांनाही माहीत आहे. "पेन्शन थांबेल, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ओटीपी सांगू नका. आणि पीपीओचा फोटो बॅचच्या ग्रुपवर टाकून "हे बरोबर आहे का बघा" असं विचारू नका. ग्रुपमधले सगळे आपलेच, पण त्यांचे फोन कुणाच्या हातात जातात ते आपल्याला कळत नाही.

पाचवं, पैसे गेलेच तर लाजून बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

काही जण म्हणतात, मग हा मोबाईलच नको. मला ते पटत नाही. याच मोबाईलवर मी लेकीचा पहिला दात पाहिला. संत्री पोस्टवर धोका असतो म्हणून आपण पोस्ट सोडून जात नाही, डोळे उघडे ठेवतो.

मी सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, युनिटलाही लेखी कळवलं. बाईंचे पैसे अजून मिळालेले नाहीत. आईनं विचारलं, "आपल्या नावाचं काय?" मी म्हटलं, "पोलिसांत नोंद केलीय." तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

रात्री संत्री सीओ साहेबांनाही "थम, कौन आता है?" म्हणून अडवतो आणि त्याबद्दल साहेब त्याला रागवत नाहीत, शाबासकी देतात. म्हणून फौजेबाहेरच्या वाचकांनाही सांगतो: विकणारा फौजी असला तरी वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आम्हाला राग येणार नाही.