रानड्यांचे दुसरे लग्न आणि आपण

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या, ३१ वर्षांच्या रानड्यांनी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवली आणि त्याच वर्षी ११ वर्षांच्या मुलीशी, रमाबाईंशी, लग्न केले. एक तट म्हणतो, ढोंगी माणूस, पुढचे काही सांगूच नका. दुसरा म्हणतो, त्या काळाच्या मापाने मोजा.

दुसऱ्याचे म्हणणे आधी घेतो, कारण ते समंजस दिसते आणि म्हणूनच जास्त खपते. रानड्यांना आजचे माप लावतो कोण? माप त्यांचेच होते. १८६९ साली मुंबईत झालेल्या गाजलेल्या विधवाविवाहाच्या पाठीराख्यांत ते होते. आणि त्यांचेच सहकारी विष्णुशास्त्री पंडित यांनी १८७४ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केले. काळ दोघांचा एकच, शास्त्रीबुवांना जमले ते न्यायाधीशांना जमले नाही, एवढाच याचा अर्थ. याच तटाची आणखी एक सबब असते: रमाबाई पुढे केवढ्या मोठ्या झाल्या, पुण्याचे सेवासदन त्यांनी उभे केले! झाल्या, निःसंशय. पण लग्नाच्या दिवशी त्या मुलीला कोणी विचारले होते? तिच्या पुढच्या कर्तृत्वाची हुंडी आपण नवऱ्याच्या नावावर का वटवायची?

आता पहिला तट. ज्याला बोललेले मनातून पटलेलेच नसते, तो ढोंगी. असा माणूस अडचणीत सापडला की आपल्या वागण्याला साजेसे नवे तत्त्व काढतो, आणि शास्त्राधार तर आपल्याकडे कशालाही मिळतो. रानड्यांनी तसे केले नाही. १८८७ पासून सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावर ते विधवाविवाहाची बाजू मांडत राहिले. समोरच्या प्रत्येकाला त्यांचे लग्न ठाऊक होते, आणि हे त्यांनाही ठाऊक होते. पाऊल घसरले, पण त्यासाठी तत्त्व खाली ओढले नाही. ही गोष्ट मला मोठी वाटते, आणि रानड्यांविषयीचा माझा आदर प्रामुख्याने तिच्यावरच उभा आहे. (पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहाचे १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. मित्रांच्या घरची अडचण मिटावी म्हणून घेतले, असे सांगतात. तिथे मात्र माझी वकिली संपते.)

तेव्हा आदर म्हणजे चारित्र्याचा दाखला, ही समजूत सोडलेली बरी. ज्याला दाखला हवा, त्याला चूक झाकावी तरी लागते नाहीतर माणूस टाकावा तरी लागतो. मला दोन्ही नको.

रमाबाईंनी यातले काहीच केले नाही. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० चे. पतीला दैवत मानणाऱ्या बाईने ते लिहिले आहे. तरी सासऱ्यांचा हट्ट त्यात आहे, लग्नापायी नवऱ्याची झालेली घालमेल आहे, लग्न होताच त्याने सुरू केलेली शिकवणी आहे, आणि त्या शिकवणीपायी घरातल्या बायकांनी मारलेले टोमणेही आहेत. टोमणे नवऱ्याला नव्हते, तिला होते. जयंतीच्या व्याख्यानांत यातली शिकवणी तेवढी ऐकू येते.