बँका वाचवण्याचा खर्च कोण भरतो

बुडू लागलेल्या बँकेला सरकार चार वाटांनी सावरते. तिच्यात भागभांडवल घालते, तिने दिलेल्या कर्जाची हमी घेते, तिच्या थकलेल्या कर्जदारांची बाकी स्वतः भरते, किंवा एखाद्या सरकारी बँकेला तिच्यात पैसा घालायला लावते. जालना जिल्ह्याने यांतल्या बहुतेक वाटा जवळून पाहिल्या आहेत. तरीही या बचावाचा भार करदात्यावर पडत नाही, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याची तीन कारणे असतात: भांडवल रोख्यांतून दिले, म्हणून रोख पैसा गेलाच नाही; दिलेला पैसा नफ्यासह परत आला; आणि बँक बुडू दिली असती तर याहून मोठे नुकसान झाले असते. या तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आधी जिल्ह्यातली वस्तुस्थिती. जालन्याच्या खेड्यात पीककर्जाची जुनी साखळी तीन कड्यांची आहे: गावची विविध कार्यकारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि वर मुंबईची राज्य सहकारी बँक. डॉ. राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००९ मध्ये शिफारस केली, की २०१२ नंतर विनापरवाना सहकारी बँक राहू नये. रिझर्व्ह बँकेने परवान्यासाठी भांडवल पर्याप्ततेची अट अवघ्या ४ टक्क्यांवर आणली, तरी महाराष्ट्रातल्या सहा जिल्हा बँका अडकल्या: नागपूर, वर्धा, बुलढाणा, उस्मानाबाद, धुळे-नंदुरबार आणि जालना. यांतल्या नागपूर, वर्धा आणि शेजारची बुलढाणा या तीन बँका सर्वांत मागे राहिल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चार राज्यांतल्या अशा २३ बँकांसाठी २,३७५.४२ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत राज्यांचा वाटा १,४६४.५९ कोटी, केंद्राचा ६७३.२९ कोटी आणि नाबार्डचा २३७.५४ कोटी होता. म्हणजे सर्वांत मोठा बोजा राज्यांच्या तिजोरीवर होता. राज्याच्या तिजोरीत विक्रीकर, मुद्रांक शुल्क, अबकारी आणि आता वस्तू व सेवा करातला हिस्सा येतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून शेतकरी करदाता नाही, असे मानणारे इथे चुकतात. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारी सळई घर बांधायला नेणारा मंठ्याचा किंवा घनसावंगीचा शेतकरी त्या सळईवर १८ टक्के कर भरतो. बँकबचावाचा पैसा त्याच्याही खिशातून जातो.

दुसरी वाट हमीची. सहकारी साखर कारखान्यांना राज्य सहकारी बँकेने दिलेल्या अनेक कर्जांवर राज्य सरकारची थकहमी होती. कारखाना थकला की बँक आधी तारण विकते आणि उरलेल्या रकमेसाठी सरकारकडे बोट दाखवते. रामनगरचा जालना सहकारी साखर कारखानाही राज्य सहकारी बँकेने थकबाकीपोटी लिलावात काढला. अशा विक्रीत धनकोची बाकी आधी भागते, सभासद शेतकऱ्यांचे भागभांडवल सर्वांत शेवटी येते. थकहमी देताना अर्थसंकल्पात एक रुपयाही खर्च पडत नाही, म्हणून ती देणे सोपे वाटते. हमी वसुलीला येते तेव्हा ती देणारे मंत्रिमंडळ बहुधा बदललेले असते.

तिसरी वाट कर्जमाफीची, आणि तिच्याकडे बँकबचाव म्हणून फारसे कोणी पाहत नाही. २००८ ची केंद्राची कर्जमाफी घ्या, २०१७ ची ३४,०२२ कोटी रुपयांची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना घ्या, किंवा २०१९ ची दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना घ्या. थकबाकी माफ करण्यासाठी सरकारने दिलेली रक्कम शेतकऱ्याच्या हातात पडली नाही. ती त्याच्या कर्जखात्यात, म्हणजे बँकेत गेली. दुष्काळाने आणि पडत्या भावाने पिचलेल्या शेतकऱ्याला सातबारावरचा बोजा उतरल्याचा दिलासा मिळाला, हे खरे आणि न्याय्यच. पण त्याच क्षणी बँकेचे बुडीत कर्ज वसूल झाले, ताळेबंद सुधारला. दरवर्षी कागदोपत्री नवं-जुनं करून चालू दाखवलेली कर्जेही त्यात धुऊन निघाली. कर्जमाफीचा सगळा ठपका शेतकऱ्यावर ठेवताना तिचा अर्धा लाभार्थी असलेली बँक अदृश्य राहते. हा अन्याय आहे.

आता पहिले कारण: रोख्यांतून दिलेल्या भांडवलाला पैसा लागत नाही. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत केंद्राने सरकारी बँकांत ३,१०,९९७ कोटी रुपये घातले. त्यांतले फक्त ३४,९९७ कोटी अर्थसंकल्पी तरतुदीतून आले. २,७६,००० कोटी पुनर्भांडवलीकरण रोख्यांतून. व्यवहार असा होतो: सरकार रोखा काढते, बँक आपल्याकडच्या ठेवींतून तो विकत घेते आणि तोच पैसा सरकार बँकेचे समभाग घेण्यासाठी परत देते. रोकड फिरून जागच्या जागी येते, वित्तीय तुटीच्या आकड्यात काही उमटत नाही. मात्र रोखा हे कर्ज आहे आणि कर्जाला व्याज असते. जानेवारी २०१८ मध्ये काढलेल्या ८०,००० कोटींच्या पहिल्या रोख्यांवर ७.३५ ते ७.६८ टक्के व्याज ठरले. एवढ्या एका हप्त्याचे व्याज वर्षाला सुमारे ६,००० कोटी होते, आणि ते दरवर्षी महसुली खर्चातून जाते. मुद्दल २०२८ ते २०३३ या काळात फेडायचे आहे. तूट दिसत नाही याचा अर्थ खर्च नाही, असा होत नाही. फक्त तो पुढच्या अर्थसंकल्पांवर ढकलला जातो.

पाच वर्षांची ती एकूण रक्कम २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येवर सरसकट वाटली, तर माणशी अडीच हजारांच्या वर येते. जालना जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा १९ लाख ५९ हजार होती. म्हणजे जिल्ह्याच्या वाट्याला ढोबळमानाने ५०० कोटी रुपये. हा निव्वळ तोटा नव्हे, कारण बदल्यात सरकारला समभाग मिळाले. पण एवढा पैसा गुंतवायचा की जिल्ह्याच्या सिंचनाला, शाळांना, रुग्णालयांना द्यायचा, हे जिल्ह्यातल्या कुणालाही विचारले गेले नाही.

दुसरे कारण अधिक वजनदार आहे, आणि त्याला पुरावाही जालन्यातच सापडतो. जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर तातडीच्या सुधारणेचे निर्बंध घातले, २०१८-१९ मध्ये तिला ४,७८४ कोटींचा तोटा झाला. सरकारने भांडवल घातले, जानेवारी २०१९ मध्ये निर्बंध उठले. २०२४-२५ मध्ये तिचा नफा ५,५२० कोटी होता. ज्या समभागाची किंमत तोट्याच्या वर्षी पंधरा रुपयांच्या आसपास होती, तो २०२४ मध्ये पन्नासच्या पुढे गेला. चौथ्या वाटेने, म्हणजे सरकारी बँकेच्या पैशातून, सावरलेल्या येस बँकेतही तसेच घडले. मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने दहा रुपयांना घेतलेल्या समभागांचा मोठा भाग २०२५ मध्ये एका जपानी बँकेला साडेएकवीस रुपयांना विकला. अमेरिकेत २००८ च्या संकटात बँकांना दिलेला पैसाही बहुतांशी नफ्यासह परत आला. ७०० अब्ज डॉलरच्या मंजुरीतून राबवलेल्या कार्यक्रमाचा निव्वळ खर्च तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने अखेर ३० अब्जांच्या आसपास मांडला. मग करदात्याचे गेले काय?

उत्तर जोखमीत आहे. शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला शेवटी काही भरावे लागले नाही, म्हणून त्याने काही दिलेच नव्हते असे होत नाही; इतकी वर्षे त्याची जमीन अडकलेली होती. बाजारात कोणीही घ्यायला तयार नसलेली जोखीम सरकार घेते तेव्हा तिला किंमत असते, आणि बचाव झालेल्या संस्थेने ती किंमत दिलेली नसते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतल्या अर्थतज्ज्ञ डेबोरा लुकास यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बचावांचा हिशोब याच पद्धतीने, पैसा दिला त्या क्षणीच्या जोखमीसह केला. त्यात गृहकर्ज क्षेत्रातल्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांचा बचावही धरला होता. आकडा आला सुमारे ४९८ अब्ज डॉलर, म्हणजे त्या देशाच्या २००९ च्या एकूण उत्पन्नाच्या साडेतीन टक्के. दोन हिशोबांची व्याप्ती वेगळी आहे, त्यामुळे सगळी तफावत पद्धतीची नाही. तरी परत आलेली रोकड मोजून खर्च कळत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. शिवाय नफ्याचे उदाहरण देणारे तगलेल्या बँकांचे देतात. मराठवाड्यातल्या ज्या जिल्हा बँकांत राज्याचे भागभांडवल वर्षानुवर्षे बिनलाभांशाचे पडून आहे, त्यांचे नाव त्या यादीत येत नाही. सहकारी बँकेच्या भागाला बाजारभाव नसतो. तो दुपटीने वाढून विकताही येत नाही.

याच्या उलट टोकाचे म्हणणेही तितकेच कच्चे आहे. २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी निर्लेखित केलेली १४.५६ लाख कोटींची कर्जे म्हणजे तेवढा करदात्याचा पैसा बुडाला, असे भाषणांत सांगितले जाते. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे. ज्या कर्जाची पूर्ण तरतूद झाली ते ताळेबंदातून काढतात, वसुलीचा हक्क राहतो. त्या नऊ वर्षांत निर्लेखित कर्जांतून २.०४ लाख कोटी वसूलही झाले. बाकीचा तोटा आधी बँकेच्या नफ्यातून आणि भागधारकांच्या भांडवलातून भागतो, आणि तो पुरत नाही तिथे करदाता येतो. त्या रकमेतली निम्म्याहून अधिक, ७.४१ लाख कोटी, मोठ्या उद्योगांची आणि सेवा क्षेत्राची होती. म्हणून करदात्याचा राग अस्थानी नाही. फक्त त्याचा आकडा दुसरा आहे.

उरले तिसरे कारण: बुडू दिले असते तर? हे मान्यच करावे लागते. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हा लहान ठेवीदारांची जी दैना झाली तिच्यामुळेच १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला. अलीकडे, २०२३ मध्ये, बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेचे व्यवहार थांबले. पतसंस्थांना ठेवविमा लागू नाही, सरकारनेही तिच्यात भांडवल घातले नाही. मराठवाड्यातले लाखो ठेवीदार लग्नाचे, आजारपणाचे, निवृत्तीचे पैसे अडकवून बसले. बचाव न केल्याचा खर्चही कोणीतरी भरतोच, आणि तो भरणारा बहुधा सर्वांत दुबळा असतो. पण बचाव आवश्यक होता म्हणून तो फुकट होता, हा युक्तिवाद टिकत नाही. शस्त्रक्रियेने जीव वाचला तरी तिचे बिल येतेच. आवश्यकता सिद्ध झाल्यावर उलट अधिक नेमकेपणाने विचारायला हवे की किती खर्च, कोणाकडून आणि कोणत्या अटीवर.

इथून अटी सुरू होतात. पहिली अट ठेवविम्याची. ठेवविम्याचा हप्ता बँका स्वतः भरतात; २०२५ मध्ये त्याचा दर शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे होता. त्यातून साठलेल्या निधीतून फेब्रुवारी २०२० पासून ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. हा भार अखेर बँकेच्या ग्राहकांवर पडत असला तरी जो धंद्याचा लाभ घेतो तोच धंद्याचा विमा भरतो. करदात्याला वेठीस धरण्यापेक्षा ही वाट न्याय्य आहे. ती पतसंस्थांपर्यंत, त्यांच्यावर बँकांइतकीच कडक तपासणी बसवून, नेणे हे सरकारचे काम आहे. ठेवीदार वाचवणे आणि संस्थेचे संचालक, मोठे भागधारक वाचवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट सरकारने करावी. दुसरी करू नये.

दुसरी अट हिशोबाची. बँकेत भांडवल घालताना, थकहमी देताना आणि कर्जमाफी जाहीर करताना तिची जोखमीसह किंमत त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली दाखवली पाहिजे. प्रादेशिक ग्रामीण बँकेत भांडवल घातले जाते तेव्हा केंद्र ५०, प्रायोजक बँक ३५ आणि राज्य १५ टक्के देते. प्रायोजक बँकही सरकारी असली तर तिचा ३५ टक्क्यांचा वाटा शेवटी सार्वजनिक मालकीच्याच पैशातून जातो. तोही त्या हिशोबात आला पाहिजे. परतीचा पैसा आला तर तोही तिथेच जमा दिसावा, म्हणजे नफ्याचा दावा तपासता येईल.

तिसरी अट वसुलीची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली संस्थेचे नुकसान करणाऱ्या संचालकांवर आणि अधिकाऱ्यांवर रक्कम निश्चित करून ती वसूल करता येते. मे २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले, चौकशा लागल्या आणि त्या वर्षानुवर्षे रेंगाळल्या. दरम्यान बँक सावरली, कारण प्रशासकांनी तारणे विकली आणि सरकारने हम्या पाळल्या. विनातारण किंवा अपुऱ्या तारणावर कर्ज मंजूर करणाऱ्यांकडून वसुली पूर्ण होण्याआधी सरकारी भांडवल पोचते, हा या राज्यातला नेहमीचा क्रम आहे. तो उलटा करायला नवा कायदा लागत नाही. भांडवलाचा पहिला हप्ता देण्याआधी कलम ८८ ची जबाबदारी निश्चित झालीच पाहिजे, अशी अट शासन निर्णयात घालणे पुरेसे आहे, आणि ती जिल्हा बँकेपासून राज्य बँकेपर्यंत सारखी लागू करता येते.