कुलूप, किल्ली आणि संशय

कुलूप उघडायला शिकणे म्हणजे चोरी शिकणे, असे म्हणत विद्यापीठांतल्या कुलूपछंदी मंडळांकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्यांत साहित्याचे प्राध्यापकही असावेत, याचे आम्हांला नवल वाटते. संहितेची वीण उसवून पाहा, असे हेच सांगतात ना?

छंदाचे नियम दोनच: कुलूप स्वतःचे वा मालकाच्या परवानगीचे हवे, आणि वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. पुढे सारे बोटांचे वाचन. गाभ्यावर हलका ताण दिला की सगळ्या खुंट्या एकदम अडत नाहीत. घडणीतल्या केसभर फरकाने एकच आधी अडते, ती जागी बसली की दुसरी.

आणि अज्ञानाने रक्षण कुणाचे होते? एका खोलीची किल्ली, तिचे कुलूप आणि मूठभर कोऱ्या किल्ल्या एवढ्यावर अख्ख्या इमारतीची ‘मास्टर की’ घडवता येते, हे मॅट ब्लेझ यांनी २००३ साली जाहीर केले, तेव्हा अमेरिकेतले कुलूपवाले खवळले. हे आपल्याला पूर्वीपासून ठाऊक होते, असेही त्यांतले काही म्हणाले! (१८५१ साली हॉब्ज यांनी लंडनमध्ये ब्रामाचे ‘अजिंक्य’ कुलूप उघडले तेव्हाही वाद पेटला होताच.) ठाऊक नव्हते ते वसतिगृहांत तसल्या दारांआड झोपणाऱ्या मुलामुलींना. मंडळ बंद केल्याने ती कुलपे बदलणार आहेत काय?